स्कॉलरशिपला बसलास का बे?

आपल्या मराठीत एक गंमत आहे. बक्षीस मिळतं, मदत मिळते, नशीब असेल तर कर्जसुद्धा मिळतं, पण स्कॉलरशिपला मात्र आपण 'बसतो'. शाळेत बाई वर्गात येऊन विचारायच्या, "यंदा स्कॉलरशिपला कोण कोण बसणार?" म्हणजे स्कॉलरशिप हे पैशाचं नाव नाहीच, ते परीक्षेचं नाव! २०१६-१७ मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती, पण शब्द तोच राहिला. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलंय की परीक्षेच्या मार्कांशिवायही गुणवत्तेची स्कॉलरशिप देता येते, हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. कॅन्टीनमधल्या एका चहानं ते डोक्यात घातलं.

झालं असं, की एफ.ई.ला असताना मला आपल्या कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप मिळाली. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या निधीतून ती दरवर्षी एफ.ई.च्या काही मुलामुलींना देतात. नियम एका ओळीचा : सीईटीचं पर्सेंटाइल बघायचं आणि वरून मोजत यायचं. कार्यक्रम झोकात झाला. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो. आई-बाबा पंढरपूरहून सकाळच्या एस.टी.नं आले होते. बाबांनी तो फोटो अजून शोकेसमध्ये लावून ठेवलाय.

कार्यक्रम उरकून कॅन्टीनमध्ये आलो, तर माझा प्रॅक्टिकलचा पार्टनर आधीच टेबल धरून बसलेला. "पेढे कुठंयत बे?" मी पाकीट दाखवलं. तो मनापासून खूश झाला. मग चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "मला पण स्कॉलरशिप मिळते बे. आई विड्या वळते म्हणून मिळते. गरीब म्हणून मिळते. हुशार म्हणून एकदा तरी मिळायला पाहिजे होती."

मग तो हसला आणि त्यानं विषय बदलला. मला मात्र तो विषय काही बदलता आला नाही.

मित्रांनो, त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. केंद्राच्या श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिथं सीईटी विचारत नाहीत, आईचं विडी कामगार ओळखपत्र विचारतात. आपल्या सोलापुरात ही योजना माहीत नसलेली गल्ली पूर्वभागात सापडायची नाही. योजना चांगलीच आहे. पण तिच्यावर 'गुणवत्ता' अशी पाटी नाही. म्हणजे बघा, ज्याच्या घरी पैसा आहे त्याला स्टेजवर बोलावून 'हुशार' म्हणून पाकीट द्यायचं आणि ज्याच्या घरी नाही त्याला 'गरजू' म्हणून खात्यात रक्कम जमा करायची. शाल पहिल्याला, अर्ज दुसऱ्याला!

माझं पर्सेंटाइल कुठून आलं?

आता जरा माझाच हिशोब मांडतो. अकरावी-बारावी मी लातूरला केली. कॉलेजात नाव, क्लासमध्ये जीव. सकाळी फिजिक्स, दुपारी मॅथ्स, संध्याकाळी डाउट सेशन आणि रविवारी टेस्ट. दोन वर्षांची क्लासची फी, रूमचं भाडं आणि मेसचा डबा हे सगळं बाबांनी एका डायरीत लिहून ठेवलंय. एकदा सहज बेरीज केली. कॉलेजनं मला दिलेली रक्कम त्या बेरजेचा दहावा हिस्साही भरत नव्हती. मग ती स्कॉलरशिप कसली? ती तर क्लासच्या फीवर मिळालेली सूट!

माझा मित्र कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. घरात तेलुगू, शाळा मराठी, अकरावी-बारावी गावातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात. क्लास नाही. संध्याकाळी युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणाचं काम. सोलापुरात शिवलेले शाळेचे गणवेश देशभर जातात हे आपण अभिमानानं सांगतो, पण ते शिवणाऱ्या हातांत एखादा इंजिनीअरिंगचा विद्यार्थीही असतो हे सांगत नाही. त्याचं आणि माझं पर्सेंटाइल यांत चौदाचा फरक होता.

हा फरक हुशारीचा होता का? सीईटीचा पेपर आठवा. गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. एवढ्या वेळात कुणी विचार करत नाही हो, आधी पाहिलेला प्रश्न ओळखतो. मी लातूरला असे प्रश्न इतक्या वेळा पाहिले होते, की ऑप्शन वाचूनच उत्तर कळायचं. हेही एक कौशल्य आहे, मी ते नाकारत नाही. पण ते विकत मिळतं. मी घेतलं, म्हणजे बाबांनी घेऊन दिलं.

थर्मो शिकताना आपण इंजिनची एफिशिएन्सी काढतो. आउटपुट भागिले इनपुट. नुसता आउटपुट बघून कुणी 'हे इंजिन चांगलं' म्हणालं, तर सर व्हायवात फाडून खातील. आणि मुलांच्या बाबतीत मात्र आपण छेद खोडून टाकतो आणि नुसत्या अंशावर मेरिट लिस्ट लावतो!

सरकारी रांगेतही तेच

हे फक्त आपल्या कॉलेजचं नाही. टीएफडब्ल्यूएस सगळ्यांना माहीत आहे. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, ट्यूशन फी माफ, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. ऐकायला झकास. पण त्या जागा भरतात कशा? कॅप राउंडमध्ये, सीईटीच्या मेरिटनं. म्हणून बहुतेक वेळा टीएफडब्ल्यूएसची कट-ऑफ त्याच ब्रँचच्या साध्या कट-ऑफच्या वर असते. वर्षाला ऐंशी हजार मिळवणारं घर आणि साडेसात लाख मिळवणारं घर, दोन्ही एकाच रांगेत. फी माफीची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच जास्त पर्सेंटाइल आणायला सांगायचं. आणि ते आणायचं तर क्लास लावायचा. क्लासला पैसे असते तर...? असो.

सीईटीशिवाय गुणवत्ता मोजताच येत नाही, असंही नाही. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती मुलींसाठी २०१४ पासून आहे, वर्षाला पन्नास हजार. डिग्रीच्या मुलींची निवड होते बारावीच्या गुणांवर. केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी नव्या ८२ हजार जणांना, त्यातली निम्मी मुलींना. तिथंही प्रवेश परीक्षा नाही; आपापल्या बोर्डात बारावीला वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यायचं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. तमिळनाडूचं उदाहरण तर आणखी मोठं. तिथं २००७ पासून इंजिनीअरिंगचे प्रवेशच बारावीच्या गुणांवर होतात. तिथले इंजिनीअर काही कमी पडले असं पुण्याच्या कुठल्याही आयटी कंपनीत जाऊन कुणी म्हणून दाखवावं!

आपल्या राज्यानंही २०१४ आणि २०१५ मध्ये अर्धा भार जेईई मेनला आणि अर्धा बारावीला देऊन पाहिलं होतं. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली आणि बारावीला किमान टक्के मिळवले की झालं, असं ठरलं. मग वर्गात कोण बसणार? जिथं मेरिट, तिथं मुलं.

दोन जुन्या स्कॉलरशिपा

थोडं मागे जाऊ. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. परीक्षेनं हिरा बरोबर शोधला. हे मान्य करायलाच पाहिजे.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९०७ साली, परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून एक मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२. टक्केवारी काढा : ३७.६. आजच्या आपल्या मेरिट लिस्टमध्ये हे नाव शोधायला शेवटून सुरुवात करावी लागली असती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींना मात्र तो मुलगा ठाऊक होता. बागेत बसून वाचणारा मुलगा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनी त्याला सयाजीराव गायकवाड महाराजांपुढं उभं केलं. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना पंचवीस रुपये मंजूर केले. १९१३ मध्ये त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचं मी सांगायची गरज नाही.

ती शिष्यवृत्ती दयेची होती का? मुळीच नाही. महाराजांनी समोर बसवून पारख केली होती. ती गुणवत्तेचीच शिष्यवृत्ती होती, फक्त मार्कांची नव्हती.

"मग वशिलेबाजी सुरू होईल!"

हा लेख लिहायच्या आधी कट्ट्यावर यावर जोरदार वाद झाला. विरोधातले मुद्दे पोकळ नव्हते, म्हणून ते लिहितोच.

पहिला मुद्दा : "सयाजीराव सगळीकडे कुठून आणणार? मुलाखत ठेवली की कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी भाचा. सीईटीचा कॉम्प्युटर आडनाव वाचत नाही." अगदी खरं. ज्याला गावात कुणी ओळखत नाही, त्याच्यासाठी आंधळी परीक्षा हा मोठा आधार असतो. हे मी हलक्यात घेत नाही.

दुसरा मुद्दा : "परीक्षा काढली की मार्कांचा पाऊस पडतो." हेही आपण पाहिलंय. २०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि दहावी, अकरावी, बारावीचे गुण ३०:३०:४० अशा भारानं धरून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के! सगळेच पास, तर हुशार कोण?

तिसरा मुद्दा एका फायनल इयरच्या दादानं काढला आणि तो मला सगळ्यात जड गेला. अमेरिकेतल्या एमआयटीनं करोनाच्या काळात सॅट परीक्षेची अट काढली होती, ती २०२२ मध्ये परत आणली. कारण काय दिलं? साध्या शाळेतल्या, मोठे कोर्स न मिळालेल्या मुलांची तयारी दाखवायला ती परीक्षाच उपयोगी पडते! म्हणजे गरिबाच्या बाजूनंही परीक्षा उभी राहू शकते.

मग? परीक्षा फाडून टाका असं मी म्हणतच नाही. प्रवेशासाठी सीईटी राहू दे, ते ठरवणं आपल्या हातात नाही. पण आपल्या निधीतल्या स्कॉलरशिपचा नियम तर आपल्या हातात आहे ना? तिथं एकाच आकड्यावर सगळा भार का टाकायचा?

माझा प्रस्ताव

एक : मुलगा राज्यात कितवा हे नका बघू, तो स्वतःच्या ज्युनिअर कॉलेजात कितवा ते बघा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १९९७ मध्ये कायदाच केला, की प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. पुढं ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती टक्केवारी कमी झाली, तत्त्व राहिलं. तिथं तो नियम प्रवेशासाठी होता, आपण स्कॉलरशिपसाठी वापरू. मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या कॉलेजात पहिली आलेली मुलगी तिला मिळालेल्या फळा-खडूत पहिली आलेली असते. मार्कांचा पाऊस पडला तरी सगळ्यांवर पडतो, नंबर तोच राहतो.

दोन : पाकीट एकदम देऊ नका. निम्मी रक्कम प्रवेशाच्या वेळी, निम्मी पहिल्या सेमच्या निकालानंतर. पहिल्या सेमला सगळ्यांना तेच सर, तीच लॅब, तोच पेपर. कॉलेजकडं स्वतःचा पुरावा तयार होत असताना दोन वर्षांपूर्वीच्या क्लासचा पुरावा कशाला?

तीन : घरी जा. पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन १९९५ पासून मुलींना शिष्यवृत्त्या देतं. ते गुण बघतात, मुलाखत घेतात आणि घरीही जातात. आपल्याकडं शेवटच्या यादीतल्या वीस घरी जायला कितीसा वेळ लागेल? दोघांनी जायचं, एक सर आणि एक माजी विद्यार्थी, दोघंही त्या मुलाच्या ब्रँचचे नसलेले. मुलगा संध्याकाळी काय करतो, अभ्यास कुठं बसून करतो, हे दहा मिनिटांत कळतं.

चार : आणि वशिल्याचं औषध म्हणजे उजेड. कुणाला का दिली याची दोन-दोन ओळींची कारणं नोटीस बोर्डावर लावा. घरच्या परिस्थितीचा तपशील नको, कुणाची गरिबी चव्हाट्यावर मांडायची नाही. मुलानं काय केलं तेवढंच लिहा. ज्याचा नातेवाईक यादीत आहे त्यानं समितीत बसू नये.

सीईटीचा स्कोअर कुणाला फाइलीत लावायचा असेल तर लावू दे. बाकीच्या कागदांसारखा तो एक कागद.

त्या केटीचं काय झालं

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहितो. पहिल्या सेमला माझ्या मित्राला एम-वनमध्ये माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ग्राफिक्समध्ये तो बॅचमध्ये पहिला. एका मुलावरून नियम करता येत नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या सेमला काय झालं तेही ऐका. परीक्षा आली ऐन उन्हाळ्यात. युनिफॉर्मचा सीझन म्हणजे शाळा उघडायच्या आधीचेच महिने. कारखान्यात डबल शिफ्ट, 'नाही' म्हटलं तर काम जाणार. त्याला मेकॅनिक्सला केटी लागली. निकालाच्या दिवशी कुणीतरी कट्ट्यावर म्हणालं, "शेवटी पर्सेंटाइल खोटं बोलत नाही बे." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या.

मी गप्प बसलो. कारण मला हिशोब माहीत होता. माझ्या पाकिटातली रक्कम त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. ती त्याच्याकडं असती तर तो सीझनला कामावर गेला नसता. आणि मी त्या पैशांचं काय केलं? मोबाइल घेतला. जुना चालत होता तरी.

पर्सेंटाइल खोटं बोललं नाही, बरोबर आहे. पण आम्ही त्याच्या भविष्यवाणीनुसार पैसे वाटले आणि मग ती खरी ठरली म्हणून माना डोलावल्या.

माझ्या प्रस्तावातल्या नियमानं मला ती स्कॉलरशिप मिळाली नसती. लातूरच्या कॉलेजात माझा नंबर बराच खाली होता, आणि घरी कुणी आलं असतं तर बाबांनी सरळ सांगितलं असतं, की पोराचं भागतंय. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "फोटो काढू का शोकेसमधून?" मी म्हटलं, "राहू द्या." खोटं कशाला बोलू, फोटो मलाही आवडतो.

मित्राला लेख वाचायला दिला. केटी त्यानं पुढच्याच परीक्षेत काढली, आता आम्ही दोघंही टी.ई.ला आहोत. त्यानं सगळं वाचलं, एम-वनची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "माझं नाव नको टाकू बे. आणि पेढे अजून बाकी आहेत." म्हणून नाव टाकलेलं नाही.

निधी समितीची बैठक दरवर्षी प्रवेश संपल्यावर होते. वरचे चार मुद्दे एका पानावर लिहून आम्ही विद्यार्थी प्रतिनिधीकडं दिलेत, सोबत सह्यांचा कागद आहे. पटलं तर सही करा. नाही पटलं तर का नाही ते त्याच कागदाच्या मागं लिहा, तेही समितीपुढं ठेवू. आणि ज्यांना ही स्कॉलरशिप माझ्यासारखी मिळालेली आहे, त्यांनी सही जरा वरच्या ओळीत करा. समितीनं आधी आपलीच नावं वाचलेली बरी.